मदत हवी आहे : कार्यालयाच्या अंतर्गत पानावरील दुव्यांची फेररचना – शाखेनुसार ठेवावी की कामानुसार?

नमस्कार.

मी एका जिल्हास्तरीय शासकीय कार्यालयात काम करते. कार्यालयाच्या लॅनवर आमचे एक अंतर्गत पान आहे. सकाळी संगणक सुरू केला की प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये प्रथम तेच उघडते. त्यावर आता शंभराहून अधिक दुवे साठले आहेत. सेवार्थ (वेतन देयके), ई-ऑफिस (नस्ती म्हणजे फाइली), बीम्स (अर्थसंकल्पीय निधीचे वाटप), महाटेंडर्स (निविदा), जेम (शासकीय खरेदी) ही बाहेरची संकेतस्थळे, रजेच्या अर्जापासून वैद्यकीय प्रतिपूर्तीपर्यंतचे नमुने, सेवाज्येष्ठता याद्या, परिपत्रके, दूरध्वनी सूची असे सर्व काही एकाच पानावर आहे. या दुव्यांची नव्याने मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले असून, बँक, विद्यापीठ, कारखाना किंवा अन्य कोणत्याही कार्यालयात असे काम केलेल्यांचा अनुभव मला हवा आहे.

सध्याची मांडणी शाखेनुसार आहे. आस्थापना, लेखा, भांडार, नियोजन, आवक-जावक असे रकाने आहेत आणि प्रत्येक शाखेने वेळोवेळी दिलेले दुवे त्या-त्या रकान्यात खाली जोडले गेले आहेत. कोणते काम कोणत्या टेबलावर चालते हे ठाऊक असलेल्या माणसाला यात अडचण येत नाही. परंतु २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, आणि त्यानंतर रुजू झालेल्या सहकाऱ्याला हे टेबलांचे गणित माहीत नसते. भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम घेण्याचे उदाहरण पाहा. अर्जाचा नमुना आस्थापनेच्या रकान्यात आहे, खात्यातील शिलकेच्या विवरणाचा दुवा लेख्याच्या रकान्यात आहे, आणि संबंधित शासन निर्णय तिसऱ्याच ठिकाणी, तारखेच्या क्रमाने लावलेल्या लांबलचक यादीत आहे. शिवाय १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांपैकी बहुतेकांना हे तिन्ही दुवे लागतच नाहीत. त्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचा दुवा हवा असतो, आणि तो आज ‘इतर’ या शीर्षकाखाली आहे. एका माणसाचे एक काम तीन ठिकाणी विखुरलेले असणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून ‘वेतन व भत्ते’, ‘रजा’, ‘निधी व निवृत्ती’, ‘खरेदी व निविदा’, ‘नस्ती व पत्रव्यवहार’ अशी कामानुसार शीर्षके करावीत, असे माझे मत झाले आहे. रजेच्या शीर्षकाखाली अर्जाचा नमुना, त्याच्याच शेजारी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि त्याखाली संबंधित परिपत्रके असावीत. शाखाप्रमुखांना मात्र आपापला रकाना तसाच राहावा असे वाटते, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण बीम्ससारखी प्रणाली लेखा शाखेतील मोजके लोकच वापरतात. ती सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याचे प्रयोजन नाही. एकच दुवा कामाच्या शीर्षकाखाली आणि शाखेच्या पानावर असा दोन्हीकडे द्यावा का? दुवा दोनदा आला तरी हरकत नाही, मूळ फाइल मात्र एकच असली पाहिजे, असे मला वाटते. कारण नमुन्याच्या दोन प्रती झाल्या की सुधारणा एकीतच होते आणि जुना नमुना भरलेला अर्ज परत येतो.

माझी खरी काळजी जुन्या सहकाऱ्यांची आहे. ते दुव्याचे नाव वाचत नाहीत, त्याची जागा लक्षात ठेवतात. वेतन देयके तयार करण्याच्या दिवसांत त्यांना सेवार्थ शोधत बसावे लागले, तर ही फेररचना कोणालाच नकोशी होईल. मार्चअखेरच्या धावपळीत पानाला हात लावायचा नाही हे मी ठरवले आहे. परंतु जुने आणि नवे पान काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवावे, की एका ठरलेल्या दिवशी पूर्ण बदल करावा? अनेकांनी आतल्या पानांचे पत्ते बुकमार्क करून ठेवले आहेत, त्यामुळे जुने पत्ते नव्या जागी वळवणे मला आवश्यकच वाटते.

कोणते दुवे खरोखर वापरले जातात, हेही मला आधी जाणून घ्यायचे आहे. आमच्या सर्व्हरवरील फाइल किती वेळा उघडली गेली हे लॉगमध्ये दिसते, पण बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा दाबला की ब्राउझर थेट तिकडे जातो आणि आमच्याकडे त्याची नोंद राहत नाही. असे दुवे आपल्याच सर्व्हरवरील एका लहान पानावरून वळवले, तर मोजणी होईल आणि एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यास दुरुस्तीही एकाच ठिकाणी करता येईल. वळवण्यासाठी ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) ऐवजी ३०२ (तात्पुरता बदलल्याचा संकेत) वापरावे असा माझा विचार आहे, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आमच्या सर्व्हरला न विचारताच पुढे जातो. यात काही धोका आहे का?

दुव्यांच्या क्रमाबद्दलही सल्ला द्यावा. एका शीर्षकाखालील दुवे अकारविल्हे लावायचे झाल्यास युनिकोडच्या निव्वळ संकेतक्रमाने ‘क्षेत्रभेट अहवाल’ हा ‘क’च्या दुव्यांमध्ये जातो, तर मराठी वर्णमालेत ‘क्ष’ शेवटी येतो. मराठीची क्रमवारी वापरून हे सुधारता येते, पण मुळात लोक असा क्रम पाहतात का, की जास्त वापराचे दुवे वर ठेवणेच बरे? शासन निर्णयांच्या यादीत केवळ तारीख न देता विषय, दिनांक आणि संकेतांक असे तिन्ही द्यावेत, म्हणजे शोधताना चुकीचा निर्णय उघडला जाणार नाही, असे मी योजले आहे.

शीर्षके अंतिम करण्यापूर्वी प्रत्येक दुव्याचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सहकाऱ्यांना त्या चिठ्ठ्यांचे गट पाडायला सांगावे, असा विचार आहे. हे प्रत्येकाला एकट्याने करू द्यावे की शाखानिहाय एकत्र बसवून? एकत्र बसवल्यास ज्येष्ठांचे मतच पुढे येईल, अशी मला शंका वाटते. ज्या चिठ्ठ्या प्रत्येक जण वेगळ्या गटात टाकतो, त्यांचे तुम्ही काय केले, हेही कृपया सांगावे. सर्व्हरवर साधे एचटीएमएल आणि थोडे पीएचपी एवढेच उपलब्ध आहे, व नवीन सॉफ्टवेअर खरेदी करता येणार नाही. त्यामुळे सूचना या मर्यादेत बसणाऱ्या असाव्यात, ही विनंती.