डिस्नेलँडमधील ‘सोशल क्लब’ आणि त्यांचे वागणे: मुलीला सदस्य होऊ द्यावे का?

अर्वाइनवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात अर्वाइन येथे राहतो. अनाहाइमचे डिस्नेलँड घरापासून जवळ असल्यामुळे आम्हा चौघांकडेही वर्षभराचे पास आहेत. माझी १९ वर्षांची मुलगी आता तिथल्या एका ‘सोशल क्लबा’ची सदस्य होऊ इच्छिते. ज्यांनी हे क्लब पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: पाठीवर मोठाले पॅच शिवलेली बिनबाह्यांची डेनिम जाकिटे घालून दहा-वीस जणांनी एकत्र फिरणारे हे डिस्नेप्रेमींचे गट असतात. त्यांचा डिस्ने कंपनीशी अधिकृत संबंध काहीही नसतो.

मध्यंतरी माझे सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. उद्यानातल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावर असा एक गट समोरून आला तेव्हा सासूबाईंनी नातवाचा हात घट्ट धरला आणि “ही कुठल्या टोळीची माणसं गं?” असे मला विचारले. दोन्ही हात गोंदवलेला त्यातलाच एक धिप्पाड गृहस्थ पुढच्याच क्षणी गुडघ्यावर बसला आणि एका लहान मुलीची वाटेत पडलेली मिकीच्या कानांची टोपी झटकून त्याने तिच्या डोक्यावर ठेवली, हेही मी पाहिले. त्यामुळे माझे मत काही केल्या ठरत नाही. रांगा अडवणे, परेडच्या वेळी जागा बळकावणे अशा तक्रारी कानावर येतात, आणि एका क्लबाने दुसऱ्यावर खटला भरल्याचेही ऐकले आहे. ज्यांना या गटांचा जवळून अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे की तिथे मुलीला कशा प्रकारची संगत मिळेल आणि होकार देण्याआधी मी काय पाहावे.

रविवारचा पासधारक

ताई, मी अनाहाइममध्येच राहतो आणि हे क्लब सुरुवातीपासून पाहत आलो आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत ते झपाट्याने वाढले, आणि त्याचे कारण मला पासाच्या व्यवस्थेत दिसते. दक्षिण कॅलिफोर्नियातील रहिवाशांना पासाचे पैसे मासिक हप्त्यांनी भरता येत असल्यामुळे बेताच्या कमाईच्या तरुण मंडळींनाही दर रविवारी उद्यानात जाणे परवडू लागले. दर आठवड्याला तेच चेहरे भेटू लागले की ओळखी होतात, ओळखीतून गट जमतो आणि गटाला नाव व निशाणी हवीशी वाटते. निशाणीची तऱ्हा त्यांनी मोटारसायकल क्लबांकडून उचलली आहे. पाठीवर वरच्या बाजूला कमानीसारखी नावाची पट्टी, मधोमध चित्र आणि खाली आणखी एक पट्टी, अशी ती रचना असते; फक्त त्या चित्रात एखादा ससा, एखादा समुद्री चाचा किंवा परीकथेतले दुसरे कोणी असते. छातीवर इतरांशी अदलाबदल करण्यासाठी आणलेल्या डिस्नेच्या शोभेच्या पिना दाटीवाटीने लावलेल्या असतात. माझ्या ओळखीच्या सदस्यांमध्ये शिक्षक आहेत, गोदामात काम करणारे आहेत, परिचारिका आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे लहानपण एकाकी गेले असल्यामुळे ही माणसे त्यांना घरच्यांसारखी वाटतात. नाताळात खेळणी गोळा करणे, ऑरेंज काउंटीच्या बालरुग्णालयासाठी निधी उभारणाऱ्या पदयात्रेत एकत्र चालणे, ही कामेही यांतले काही गट मनापासून करतात.

जाकिटाविषयी उद्यानाची हरकत नाही. १४ वर्षे व त्याहून मोठ्या पाहुण्यांनी पात्रांची वेशभूषा करून येऊ नये असा नियम आहे, पण जाकीट हा काही वेश नव्हे. जमावाच्या बाबतीत मात्र डिस्नेलँड सावध असते आणि त्याला इतिहास आहे. ६ ऑगस्ट १९७० रोजी ‘यिपी’ म्हणवणाऱ्या, युद्धविरोधी चळवळीतल्या शेकडो तरुणांनी ठरवून आत शिरून उद्यानातल्या टॉम सॉयर बेटाचा ताबा घेतला होता आणि त्या दिवशी उद्यान वेळेआधी बंद करावे लागले होते.

खटल्याविषयी जपून बोलायला हवे. त्या प्रकरणाच्या बातम्या २०१८ च्या सुरुवातीला गाजल्या. धर्मादाय पदयात्रा भरवणाऱ्या एका क्लबाकडे दुसऱ्या क्लबातील लोकांनी ‘संरक्षणा’चे पैसे मागितले, असा तो आरोप होता आणि समोरच्यांनी तो साफ नाकारला होता. एवढ्यावरून सगळ्या क्लबांना गुंडांच्या पंगतीला बसवणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय २०२१ मध्ये जुने वार्षिक पास जाऊन ‘मॅजिक की’ ही नवी पास-योजना आली. तिच्यात येण्याचा दिवस आधी राखून ठेवावा लागतो, त्यामुळे पन्नास जणांनी मनात येईल त्या रविवारी एकदम जमणे आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

दोन लेकरांची आई

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर असेलही, पण रांगेत मागे उभे राहणाऱ्याच्या बाजूनेही कोणी तरी बोलायला हवे. कोणत्या क्लबाचे ते सांगत नाही, पण ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या होडीतून फिरायच्या राइडच्या रांगेत आमच्या पुढे अशा जाकिटातले दोघेच उभे होते. आम्ही होडीच्या धक्क्याजवळ पोहोचत आलो तेव्हा मागून “जरा जाऊ द्या, आमची माणसे पुढे आहेत” असे म्हणत त्यांचे पंधराएक सोबती एकामागून एक आमच्या खांद्यांना घासून पुढे गेले. प्रत्येक जण हसून ‘सॉरी’ म्हणत होता. माझी धाकटी तोवर कंटाळून रडकुंडीला आली होती, आणि त्या सगळ्यांनी दोन अख्ख्या होड्या भरल्यामुळे आम्हाला आणखी थांबावे लागले. रांगेत इतरांसाठी जागा धरू नये हे उद्यानाच्या शिष्टाचाराच्या नियमांत स्पष्ट आहे. एकटा माणूस असे करायला गेला तर आजूबाजूचे चार जण त्याला हटकतात, पण एकसारखी जाकिटे घातलेल्या पंधरा जणांना हटकण्याची हिंमत कोणाला होत नाही. त्यांनी आवाज चढवण्याची गरजच पडत नाही, आणि मला नेमके तेच खटकते.

तोच अनुभव परेडच्या वेळचा. दोघे जण दुपारपासून फुटपाथच्या कडेला पिशव्या आणि जाकिटे पसरून बसतात, आणि ऐन वेळी बाकीचे येऊन लहान मुलांच्या पुढे उभे राहतात. सर्वांनी सारखेच पैसे मोजलेले असताना काही जणांनी संख्येच्या बळावर जास्त जागा घ्यावी, हे मला कोणत्याही धर्मादाय कामाने भरून निघेल असे वाटत नाही.

एवढे मात्र खरे की जाकीट आणि संख्या एवढ्यानेच त्रास होतो असे नाही. १९९९ पासून काळ्या पोशाखातली गॉथ मंडळी ‘बॅट्स डे’ला याच उद्यानात शेकड्यांनी जमत असत, आणि २०११ पासून ‘डॅपर डे’ला लोक जुन्या धाटणीचे कपडे घालून येतात. त्यांच्यामुळे माझा कधी खोळंबा झालेला नाही.

रूळप्रेमी

मी रोलर कोस्टरप्रेमींच्या एका क्लबाचा बराच जुना सदस्य आहे, म्हणून या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाने पाहतो. १९७७ मध्ये व्हर्जिनियातील किंग्ज डोमिनियन येथे रोलर कोस्टरवर न थकता बसण्याची एक मॅरेथॉन झाली होती. तिथे भेटलेल्या लोकांनी पुढच्याच वर्षी ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स’ ही संस्था स्थापन केली. पेनसिल्व्हेनियातील ऑल्टूना येथे १९०२ सालचा ‘लीप-द-डिप्स’ हा लाकडी कोस्टर १९८५ पासून बंद पडून होता, आणि तो १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाला त्यामागे अशा प्रेमींच्या पाठपुराव्याचाही वाटा आहे.

या जगात गर्दीचा प्रश्न फार पूर्वीच ओळखला गेला, कारण एकाच पाळण्यात पुन्हा पुन्हा बसू पाहणारे दोन-तीनशे जण सामान्य पाहुण्यांच्या रांगेत शिरले तर त्या पाहुण्यांचा अख्खा दिवस वाया जाईल. त्यावर काढलेला तोडगा असा की क्लब उद्यानाशी आधी बोलतो आणि उद्यान उघडण्यापूर्वी किंवा बंद झाल्यावर एखाद-दुसरा कोस्टर तासभर केवळ सदस्यांसाठी चालवला जातो. आमच्यात याला सगळे ‘ईआरटी’ (एक्सक्लुझिव्ह राइड टाइम) म्हणतात. ती वेळ संपली की सदस्य हा इतरांसारखाच पाहुणा असतो. पुढची सीट हवी असेल तर तिच्या रांगेत उभे राहायचे, चालत्या गाडीत हातात कॅमेरा धरायचा नाही, आणि कर्मचाऱ्याने सुरक्षा-दांडा खाली ओढायला सांगितला की “मला सगळे ठाऊक आहे” हे ऐकवायचे नाही. पहिल्यांदा आलेल्या तरुणांकडून हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि त्यांना त्याबद्दल बाजूला घेऊन समजावणारे आमच्यातलेच जुने सदस्य असतात. न ऐकणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते.

आपल्याकडच्या ढोलताशा पथकांत जसा सरावाला न येणाऱ्याला मिरवणुकीत उभे करत नाहीत, तशी आतून येणारी शिस्त ज्या क्लबात आहे त्याला बाहेरच्या पहारेकऱ्याची गरज फार थोडी पडते. म्हणून ताई, मुलीच्या क्लबाला लेखी नियम आहेत का आणि ते मोडल्यामुळे आजवर कोणाचे जाकीट परत घेतले गेले आहे का, हे दोनच प्रश्न आधी विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त बोलके असेल.

तोक्योहून

एक वेगळा अनुभव नोंदवतो. १९८३ पासून चालू असलेल्या तोक्यो डिस्नेलँडमध्ये चाहत्यांची निष्ठा अनाहाइमपेक्षा तसूभरही कमी नाही. डफी अस्वलाच्या बाहुल्या जोजवत फिरणारे प्रौढ गट तिथे जागोजागी दिसतात. तरीही परेडच्या जागेवरून भांडणे मी क्वचितच पाहिली, कारण त्याची व्यवस्था उद्यानानेच नियमात बसवली आहे. परेडच्या १ तास आधीपर्यंत जमिनीवर चटई अंथरायची नाही, आणि पुढच्या ओळींतल्यांनी बसूनच पाहायचे. प्रौढांना पूर्ण वेशभूषा करून येण्याची मुभाही केवळ हॅलोविनच्या मोसमापुरती असते. ‘दोन लेकरांची आई’ यांचा त्रास खराच आहे, पण तो निवारण्याचे सगळे ओझे क्लबांच्या सद्बुद्धीवर टाकता येणार नाही. उद्यानाने वेळ आणि जागा यांची रेषा आखली की गटात असलेला आणि गटाबाहेरचा असे दोघेही तिच्या एकाच बाजूला येतात.

अर्वाइनवासी

सर्वांचे मनापासून आभार. ‘रूळप्रेमी’ यांचे दोन्ही प्रश्न मी मुलीला क्लबाच्या प्रमुख बाईंना विचारायला सांगितले. त्यांनी नियमांचा कागद त्याच संध्याकाळी पाठवला. एका राइडला सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र जायचे नाही, रांगेत मागून येऊन कोणी सामील व्हायचे नाही आणि परेडला जाकिटे अंथरून जागा धरायची नाही, असे त्यात लिहिले आहे. रांगेच्या नियमावरून एका सदस्याला काढल्याचेही त्यांनी न विचारता सांगितले. नवीन व्यक्तीला पहिले तीन महिने जाकीट मिळत नाही. त्या काळात ती फक्त सोबत फिरते आणि मग दोन्ही बाजू ठरवतात. एवढ्यावर मी मुलीला होकार दिला आहे. वर्गणी किती आणि जाकीट शिवून घेण्याचा खर्च कोणाचा, हे तेवढे अजून विचारायचे राहिले आहे. त्याबद्दल कोणाला माहिती असल्यास जरूर लिहावे.