विषय: नानांची बोट, उद्यासाठी तीन माणसे आणि रस्सीखेचीचा दोर

प्रेषक: नाना
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४, दुपार

स. न. वि. वि.

मिल्टन वादळ फ्लोरिडातल्या आपल्या टँपा बे उपसागराकडे येत आहे. उद्या सकाळी सात वाजता, वारा चढण्याच्या आत, मला मरिनात (बोटींच्या धक्क्यावर) तीन धडधाकट माणसे हवी आहेत. पुढचे मोठे शीड, म्हणजे जेनोआ, फर्लरवरून (शीड गुंडाळून ठेवण्याच्या यंत्रणेवरून) पूर्ण उतरवायचे आहे आणि ते एकट्याचे काम नाही. एकाने हॅलियार्ड, म्हणजे शीड चढवण्याचा दोर, सोडायचा, दुसऱ्याने शीड खाली ओढायचे आणि तिसऱ्याने ते वाऱ्याने फुगण्याआधी दाबून धरायचे, अशी ती विभागणी असते. शीड घट्ट गुंडाळून वरून दोरी आवळली की झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी गेल्या महिन्यातल्या हेलेन वादळानंतर शेजारच्या धक्क्यावर अजूनही लोंबत असलेल्या चिंध्या पाहून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट दोरांची. दुकानांत पाऊण इंची नायलॉन दोर शिल्लक नाही. मंडळाच्या गाळ्यात पिकनिकच्या रस्सीखेचीचा जाड दोर आहे. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी संध्याकाळपर्यंत कळवावे.

प्रेषक: खजिनदार
रविवार, सायंकाळ

गाळ्याची किल्ली माझ्याकडे आहे आणि ती माझ्याकडेच राहील. संक्रांतीच्या वेळी घडीची टेबले ज्या पद्धतीने नेली गेली आणि ज्या अवस्थेत परत आली, त्यानंतर कार्यकारिणीने लेखी मागणीशिवाय सामान न देण्याचे ठरवले होते, याची सर्वांना आठवण असेलच. नानांच्या बोटीबद्दल मंडळाला आपुलकी आहे, कोजागिरीचे दूध आपण तिच्यावरच प्यायलो आहोत. परंतु नियम एकालाच सैल केला की तो उरत नाही. शिवाय गाळ्यात दोन जाड दोर आहेत, एक रस्सीखेचीचा आणि एक गणपतीच्या मांडवाचा. नेमका कोणता हवा, हे मागणीत लिहावे.

प्रेषक: बापू
रविवार, रात्री

मांडवाचा दोर कृपया देऊ नका आणि नानांनीही तो घेऊ नये. दोन्ही दोरांचे टोक बादलीभर पाण्यात टाकून पाहावे: जो तरंगेल तो पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन तरंगत नाही. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होते, घासले की लवकर वितळते आणि झटका सोसण्यासाठी लागणारी ताणले जाण्याची क्षमता त्यात नायलॉनइतकी नसते. वादळात बोट दर काही सेकंदांनी दोराला हिसका देते आणि असे हिसके तासन्‌तास बसत राहतात, हे लक्षात घ्यावे. सकाळी सातला मी येत आहे.

प्रेषक: अण्णा
रविवार, रात्री

दोरांची चर्चा वाचून एक मूलभूत प्रश्न पडला, तो विचारतो. बोट पाण्यात ठेवायचीच कशाला? माझे बालपण हर्णैला गेले. पावसाळा तोंडावर आला की तिथे होड्या किनाऱ्यावर ओढून घेत, झापांनी शाकारून ठेवत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे नाव काढत नसत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तेव्हा माझ्या भाच्याने फोनवर सांगितले की वर काढून दगडधोंड्यांनी जखडलेल्या होड्या राहिल्या आणि खाडीत नांगरलेल्या एकमेकींवर आपटून फुटल्या. आपण मात्र चौतीस फुटी बोट खुंटांना बांधून देवावर हवाला ठेवतो, हे मला कळत नाही.

प्रेषक: नाना
सोमवार, ७ ऑक्टोबर, सकाळ

अण्णा, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे आणि जागा मिळाली असती तर मी तेच केले असते. परंतु हेलेनमध्ये जखमी झालेल्या बोटींनी यार्डे आधीच भरली आहेत. शिवाय इथे बोट जमिनीवर ठेवायची म्हणजे कीलवर (तळाच्या जड पात्यावर) उभी करून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचे असतात. ते एकमेकांना साखळीने जोडले नसतील आणि बोट पट्ट्यांनी जमिनीतल्या अँकरला आवळलेली नसेल, तर एक स्टँड सरकला की सगळी रांग आडवी होते. त्यातून यार्ड सखल जागी असेल तर वादळाने चढलेले पाणी बोटीला स्टँडवरून उचलून नेते, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान.

जेनोआ आणि मुख्य शीड उतरले, बिमिनी (कापडी छत) आणि सौरपट्ट्याही काढल्या. आलेल्या तिघांचे आभार. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे डेकवर उरलेली प्रत्येक वस्तू दोरांवरचा भार वाढवते.

प्रेषक: वकील वहिनी
सोमवार, दुपार

काल दोघांनी मला खासगीत विचारले की मरिनाच नानांना बोट बाहेर काढायला का लावत नाही, म्हणून इथेच उत्तर देते. फ्लोरिडाच्या कायद्यातील कलम ३२७.५९ नुसार हरिकेन वॉच (वादळाची शक्यता) किंवा वॉर्निंग (वादळाचा इशारा) जाहीर झाल्यानंतर बोटी हलवायची सक्ती करण्याचे धोरण मरिनाला ठेवता येत नाही. मालमत्तेपेक्षा मालकाचा जीव महत्त्वाचा, हा त्यामागचा हेतू आहे. मात्र दोर, क्लीट (दोर बांधायची खुंटी) आणि फेंडर (आपटण्यापासून वाचवणारी गादी) कसे असावेत याच्या अटी मरिना घालू शकते, आणि वॉच लागल्यावर आपल्या माणसांकडून बोट अधिक पक्की बांधून घेऊन वाजवी शुल्कही आकारू शकते. नानांनी आपला मरिनाचा करार आणि विम्यातील हरिकेनची कलमे आजच वाचावीत आणि बांधलेल्या बोटीचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

प्रेषक: बापू
सोमवार, रात्री

सकाळी नानांनी स्प्रिंग लाईन, म्हणजे बोट पुढेमागे सरकू न देणारे दोर, जशा सैल सोडल्या आहेत त्या मला पसंत नाहीत. तिथे वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून आता सविस्तर लिहितो.

नानांचा हिशेब असा, की टँपा बेसाठी वादळाने पाणी १० ते १५ फूट चढण्याचा अंदाज आहे, तेव्हा दोरांना वर चढायला भरपूर वाव हवा. हेलेनमध्ये सेंट पीटर्सबर्गला पाणी सहा फुटांहून जास्त चढले, ते सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. परंतु हेलेनचा डोळा, म्हणजे केंद्र, आपल्या पश्चिमेकडून, मेक्सिकोच्या आखातातूनच उत्तरेला गेला, त्यामुळे दक्षिणेकडच्या वाऱ्याने पाणी उपसागरात कोंबले. २०१७ मध्ये इर्मा आणि २०२२ मध्ये इयन आले तेव्हा याच उपसागराचा तळ उघडा पडला होता आणि लोक त्यावर चालत गेले होते. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. डोळा आपल्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढला तर वारा उत्तर-पूर्वेकडून येतो आणि पाणी बाहेर ढकलतो. मिल्टनची रेषा तीस मैल इकडेतिकडे झाली तरी पंधरा फूट चढ आणि पाच फूट उतार यांतले काहीही होऊ शकते. म्हणून बांधणी दोन्हींसाठी हवी, आणि ते नुसता दोर सैल सोडून साधत नाही.

साधे गणित आहे. दोर आठ फुटी असेल आणि बोट दहा फूट वर जाणार असेल, तर जवळजवळ पाच फूट ढील द्यावी लागते. तेवढ्या ढिलीत बोट आधीच धक्क्यावर आपटेल. तोच दोर पंचवीस फुटी घेतला तर दोन फुटांहून कमी ढील पुरते. पाणी पाच फूट उतरले तर पंचवीस फुटी दोराला जेमतेम अर्धा फूट लागतो, आठ फुटीला दीड. तेव्हा दोर सैल करण्याऐवजी लांब करावेत, तेही आडवेतिडवे फुली मारून, शक्य तितक्या दूरच्या खुंटांना बांधावेत.

प्रेषक: अण्णा
सोमवार, रात्री

मग जमिनीवर काढणेच बरे, असे यातून निघते.

प्रेषक: नाना
मंगळवार, ८ ऑक्टोबर, पहाटे

बापूंचे गणित रात्री कागदावर पुन्हा मांडून पाहिले. उजवीकडची स्लिप, म्हणजे बोट लावायची जागा, रिकामी आहे, त्यामुळे पलीकडचे दोन खुंट मिळतात. मात्र डावीकडे शेजाऱ्याची बोट आहे आणि त्याच्यावरून दोर नेता येत नाही, तिथे मला आखूडच बांधावे लागतील. बापूंनी दुर्लक्षिलेली एक गोष्टही नोंदवतो: आमचे खुंट भरतीच्या रेषेवर साधारण नऊ फूट आहेत. पाणी खरोखर बारा-पंधरा फूट आले तर कोणतीही बांधणी निरुपयोगी आहे, बोट खुंटावर चढेल आणि तळातून भोसकली जाईल. त्यावर उपाय नाही.

घर्षणाबद्दल. दोर जिथे बोटीच्या कडेवरून वळतो तिथे बागेच्या पाण्याची रबरी नळी घालावी, असा सल्ला तिघांनी दिला, तो मी मानलेला नाही. नायलॉन ताणला-सैलावला जाताना आतून तापतो. नळीत पावसाचे पाणी शिरत नाही, उष्णता कोंडते आणि दोर बाहेरून धड दिसत असतानाच आत वितळतो. मी जुन्या अग्निशमन नळीचे कापडी आवरण घातले आहे, त्यातून पाणी झिरपते.

शेजाऱ्याची डोलकाठी आणि माझी समोरासमोर येत होत्या, दोन्ही बोटी हेलकावल्या की त्या वरती एकमेकींत अडकल्या असत्या, म्हणून बोट चार फूट मागे घेतली. कॉकपिटची पाणी जाण्याची भोके साफ केली, त्यांच्या झडपा उघड्या ठेवून तळाच्या बाकी सगळ्या बंद केल्या, बॅटऱ्या भरल्या आणि धक्क्यावरची वीज तोडली.

खजिनदारसाहेबांनी दोर काल स्वतः आणून दिला. बादलीत तो बुडाला.

प्रेषक: सचिव
मंगळवार, सकाळ

आपल्या पिनेलास काउंटीने पूरधोक्याचे ए, बी आणि सी विभाग सक्तीने रिकामे करायला सांगितले आहेत. नाना, आज दुपारनंतर बोटीवर कोणीही असता कामा नये, आपणसुद्धा. नंतर "जरा एक दोर पाहून येतो" हे चालणार नाही. ज्यांच्या दारात हेलेनचा कचरा अजून पडून आहे, त्यांनी त्यातले उडण्यासारखे सामान तरी आत घ्यावे. शनिवारचा दसऱ्याचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे.

प्रेषक: नाना
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बोट तरंगते आहे. डोळा सिएस्टा कीवर, म्हणजे आपल्या दक्षिणेला चढला आणि बापू म्हणाले तसे पाणी बाहेर गेले. कील चिखलात बसली असावी, कारण सुकाणूच्या वरपर्यंत चिखलाची रेघ आहे. डावीकडच्या आखूड दोरांपैकी एकाने क्लीट मुळासकट उपटले. लांब दोर सगळे शाबूत आहेत. डोलकाठीवरचा वारादर्शक गेला. कॉकपिटची भोके पुन्हा पानांनी तुंबली होती आणि इतक्या पावसात बिल्ज पंपाने (तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाने) बॅटरी संपवली, तेव्हा आत घोट्याभर पाणी आहे. उपसायला दोन माणसे हवीत.

प्रेषक: बापू
शुक्रवार

क्लीटखाली बॅकिंग प्लेट (भार पसरवणारी पट्टी) होती का नुसते वॉशर, हे पाहून कळवावे. मी उद्या येतो.

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार

बोट वाचल्याचा आनंद आहे. रस्सीखेचीचा दोर परत करण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेला असावा, मिठासकट गाळ्यात आणू नये. तथापि शहराचे पाणी अजून उकळून प्यावे लागते आहे आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांवरही ताण आहे, हे ध्यानात घेऊन पुढील आठवड्याच्या अखेरपर्यंत मुदत देतो. दोराच्या खराब झालेल्या भागाची लांबी नोंदवहीत लिहायची आहे, तेव्हा दोर कापला असल्यास कुठे कापला तेही कळवावे.