पावसाळ्यात साखरेचं वॅक्स सैल पडतंय, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, घरी साखरेचं वॅक्स करणाऱ्या कुणी आहात का इथे? माझं प्रमाण असं: 2 वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर मधासारखा रंग येईपर्यंत. उन्हाळ्यापर्यंत झकास जमत होतं. आता रत्नागिरीत पाऊस लागलाय आणि पाकाचं काही खरं नाही. गार पाण्यात थेंब टाकला की छान गोळी होते, पण हातावर दोन-तीनदा ओढला की पातळ होऊन कातडीलाच चिकटून बसतो. मग कोमट पाण्याने धुवा. (पाण्याने निघतो, हे एक बरं.) हात पावडर लावून कोरडा करते, तरी तेच. साखर हवेतला ओलावा धरते, मान्य. मग पाक थोडा पुढे न्यायचा की पाणी कमी करायचं? पुढे नेला तर चिक्की होते!

दुसरं म्हणजे लेक 13 वर्षांची आहे, ओठांवरची लव काढायची म्हणून मागे लागलीये. सासूबाई म्हणतात, मसुराचं पीठ, आंबेहळद आणि साय चोळ. मला तर वाटतं चोळून लव मुळापासून निघत नाही, वरच्यावर तुटते इतकंच. शिवाय तिची कातडी लगेच लाल होते. तिच्या चेहऱ्याला वॅक्स लावायचा धीर होत नाही. या वयाच्या मुलींसाठी तुम्ही काय करता? थ्रेडिंगला ती तयार नाही, तेव्हा ते सोडून सांगा.