लेटरवर सुपरवायझर, काम मशीनवर, मग ओटी (ओव्हरटाइम) बसतो की नाही?

बुटीबोरीवाला
राजेहो, एक विचारायचं होतं. मी बुटीबोरी एमआयडीसीत पॅकिंग लाइनवर ऑपरेटर होतो, आता कंपनीने नवीन लेटर दिलं, पद शिफ्ट सुपरवायझर, ग्रॉस (भत्ते धरून एकूण पगार) २६ हजार, आणि तेव्हापासून ओटी बंद. एचआर म्हणते तुम्ही आता स्टाफमध्ये, स्टाफले ओटी नसते. पण काम तर तेच करून राहिलो, मशीन चालवतो, रोल बदलतो, वरून शिफ्टचा रिपोर्ट भरतो, अन् रिलीव्हर (पुढच्या शिफ्टचा बदली माणूस) नाही आला की पुढच्या शिफ्टमध्येही थांबा. खरंच बसत नाही का ओटी?

पेरोल_धरमपेठ
दादा, "स्टाफला ओटी नाही" असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड (कामगार संहिता) लागू झाले, त्यात कामगाराच्या व्याख्येतून मॅनेजर आणि अ‍ॅडमिनवाले बाहेर, आणि सुपरवायझर बाहेर केव्हा, तर वेतन महिन्याला १८ हजारांच्या वर असेल तेव्हाच. आता हे १८ हजार ग्रॉस नाही हं, इथंच सगळे गडबडतात. वेतन म्हणजे बेसिक आणि डीए (महागाई भत्ता); घरभाडं, कन्व्हेयन्स त्यात धरत नाहीत, फक्त असे वगळलेले भत्ते एकूणच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात येतो. स्लिपवर बेसिक किती आहे ते सांगा.

हिंगणा_युनियन
स्लिप नंतर पहा, आधी काम पहा. पदाच्या नावावर काही ठरत नाही, १९८५ मध्ये अर्कल गोविंद राजराव विरुद्ध सीबा गायगी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाचं मुख्य काम कोणतं ते बघायचं, जोडीला थोडंफार दुसरं काम असलं म्हणून त्याचा दर्जा बदलत नाही. भाऊ, तुम्ही कोणाची सुट्टी मंजूर करता का? कोणाले कोणत्या मशीनवर लावायचं ते तुम्ही ठरवता का? कोणी चुकला तर कारवाईची शिफारस तुमची चालते का? नुसता रिपोर्ट भरणं म्हणजे सुपरवायझरी नाही, ते कारकुनी काम झालं.

बुटीबोरीवाला
सुट्टी प्रॉडक्शन मॅनेजर देते, ड्युटी चार्टही त्याचाच. बेसिक १५ हजार, बाकी ११ घरभाडं अन् कन्व्हेयन्स. डीए नाही.

पेरोल_धरमपेठ
मग भत्ते निम्म्याच्या आत आहेत, म्हणजे वेतन १५ हजारच. एचआरचं ऐकून तुम्हाला खरंखुरं सुपरवायझर धरलं तरी तुम्ही १८ च्या खाली, कामगारच. जादा तासांना दुप्पट दर लागतो, आणि हा दुप्पट ग्रॉसवर नाही तर वेतनावर, म्हणजे हातात येईल तो आकडा तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी असेल हे आधीच लक्षात ठेवा.

सीताबर्डीकर
माझा मुद्दा थोडा वेगळा. काही ठिकाणी माणूस खरंच सुपरवायझर असतो, वीस लोकांची टीम सांभाळतो, बेसिकही २० च्या वर, त्याने या केसवरून उड्या मारू नये. पण या भाऊची गोष्ट स्पष्ट वाटते.

हिंगणा_युनियन
बरोबर, प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागते. बुटीबोरीवाले भाऊ, आता पंचिंगच्या नोंदी, ड्युटी चार्टचे फोटो, थांबायला सांगितल्याचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, अन् पहिले एचआरले लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याचा काही पुरावा राहत नाही. नाही ऐकलं तर कामगार आयुक्त कार्यालय नागपुरातच आहे, वेतनाचा दावा करायला वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, घाईत राजीनामा देऊ नका.