४४४४ बंद केल्याबद्दल आभार

तिसरा नोड
परवा 'पहारेकरी' यांनी लिहिलं की क्लस्टर (एकत्र काम करणारे सर्व्हर) पडला की फायरवॉलवर (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या भिंतीवर) खापर फोडणारे ॲडमिन आळशी असतात, त्यांना आपल्याच सॉफ्टवेअरचे पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकित दरवाजे) माहीत नसतात, आणि "जरा फायरवॉल बंद करून बघा" म्हणणाऱ्याला त्याच दिवशी नारळ द्यावा. दोन दिवस गप्प बसलो. आज रविवार आहे, बाहेर धो धो पाऊस आहे आणि चक्क लाईट आहे. लिहितोच.

रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी बघतो. मारियाडीबी डेटाबेस, त्याच्या प्रती जुळत्या ठेवणारा गॅलेरा, तीन नोड म्हणजे तीन सर्व्हर. दोन रत्नागिरीत, तिसरा चिपळूणच्या शाखेत. मे महिन्यात सुरक्षा तपासणीवाले आले. स्कॅन मारला. ३३०६ आणि ४५६७ वर कोणीतरी ऐकतंय, ४५६८ आणि ४४४४ वर कोणीच नाही. अहवालात एक ओळ पडली: 'वापरात नसलेले पोर्ट बंद करावेत.' नेटवर्कवाल्यांनी ४५६८ माहितीतला म्हणून ठेवला आणि ४४४४ बंद केला. मला कोणी कळवलं नाही. कळणार तरी कसं? क्लस्टर दीड महिना मस्त चालला.

अहो, ४४४४ वर एरवी कोणी ऐकत नसतंच! नोड पडून परत येतो आणि त्याला अख्ख्या डेटाची नक्कल घ्यावी लागते, तेवढ्यापुरताच तो ऐकतो. घरातला गॅसबत्तीचा स्टँड वर्षभर लागला नाही म्हणून भंगारात द्यायचा, आणि मग मृगाच्या पहिल्या वादळात शोधत बसायचं, तसा प्रकार.

जूनच्या शेवटी चिपळूणला दोन दिवस लाईट नव्हती. आमचा जीकॅश (अलीकडचे बदल साठवायची जागा) डीफॉल्ट, म्हणजे १२८ एमबी. दोन दिवसांचे व्यवहार त्यात मावणार नाहीत, म्हणजे नुसता फरक पाठवून भागणार नाही, पूर्ण नक्कलच हवी. नोड उठतो, थांबतो, मरतो. पुन्हा उठतो. डोनरच्या (नक्कल देणाऱ्या रत्नागिरीच्या नोडच्या) लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट', पलीकडे चिपळूणचा नोड वाट बघतोय. रात्री दीड वाजता मी काय केलं? त्या नोडची फायरवॉल दहा मिनिटं बंद केली. फरक शून्य. म्हणजे दोष नोडवर नाही, वाटेतल्या फायरवॉलच्या पेटीत. मग दोन्ही टोकांना टीसीपीडंप (पॅकेट टिपणारं साधन) लावला: रत्नागिरीतून सिन पॅकेट (जोडणीची पहिली हाक) निघतंय, चिपळूणला पोचत नाहीये. त्या दहा मिनिटांनी माझे चार तास वाचवले. द्या नारळ.

माझं म्हणणं एवढंच: बंद करा, पण गुपचूप गिळू नका. तिथे ड्रॉपऐवजी (पॅकेट मुकाट टाकून देण्याऐवजी) रिजेक्ट (नकार कळवणं) असता तर लगेच 'रिफ्यूज्ड' आलं असतं, आणि नियमाला लॉग असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

पहारेकरी
गोष्ट छान रंगवलीत. एकच प्रश्न. या क्लस्टरला लागणाऱ्या पोर्टांची यादी तुम्ही नेटवर्कवाल्यांना लेखी कधी दिली होती? दिली नसणार, नाहीतर पहिल्याच वाक्यात ती आपटली असती.

दुसरं. ४४४४ हा मेटास्प्लॉइट या घुसखोरीच्या साधनाचा नेहमीचा पोर्ट आहे. तो उघडा दिसला की कुठल्याही तपासणीवाल्याच्या कपाळावर आठी पडणारच. मी असतो तर मीही बंद केला असता.

आणि ती 'दहा मिनिटं'. माझ्या आधीच्या नोकरीत एकाने रेडिस डेटाबेसचा ६३७९ असाच 'जरा बघतो' म्हणून बाहेर उघडला. जेवायला गेला. परत आला तर सर्व्हरचे पंखे विमानासारखे, कोणीतरी आत बसून क्रिप्टो खोदतोय. तेव्हापासून 'जरा' या शब्दाची मला ॲलर्जी आहे.

पोफळी
दोघांचंही चालू द्या, पण रिजेक्टने सगळं सुटत नाही. आमच्या सावंतवाडीच्या लॅबमध्ये कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा), नोडमध्ये व्हीएक्सलॅन (जाळ्यावरचं आभासी जाळं). कोणीतरी 'कडक' धोरण लावलं: पिंग तेवढा चालू, बाकी आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप) बंद. पिंग जातो, लॉगिन होतं, मोठं काही मागवलं की लटकतं. व्हीएक्सलॅनच्या वेष्टणाचे ५० बाइट धरलेच नव्हते, १५०० चं पाकीट वाटेत मावेना, आणि 'लहान करून पाठव' हा निरोप आयसीएमपीनेच येतो, तोच बंद. एमटीयू (पाकिटाची कमाल मर्यादा) १४५० केल्यावर सुटलं. तीन आठवडे मुलं मला म्हणत होती, मॅडम, तुमचाच कोड चुकतोय.

शिवाय घड्याळ! सर्ट-इनचा (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या घड्याळाशी जुळवा, लॉग १८० दिवस ठेवा. आमच्याकडे त्या आदेशाची प्रत भिंतीवर चिकटवलेली, आणि त्याच भिंतीखालच्या पेटीत घड्याळ जुळवणारा यूडीपी १२३ बंद. १८० दिवसांचे लॉग आहेत हो. प्रत्येक सर्व्हरची वेळ वेगळी.

कुडाळचो झील
ता सगळा ऱ्हवांदे. माका आधी सांगा, नोड चिपळूणात ठेवूची अक्कल कोणाची? २०२१ इसारलात? आमच्या कुडाळात ठेवा. लाईट नाय तर नाय, निदान बुडाचो तरी नाय.

हापूसबागाईत
+१. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या पाण्याखाली होत्या, आणि हे तिथे डेटा ठेवतात. क्लाउडवर टाका ना एकदाचं.

तिसरा नोड
नोड दुसऱ्या मजल्यावर आहे. २०२१ ला सर्व्हरला थेंब लागला नाही. (इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तळमजल्यावर होत्या. त्या गेल्या. आता त्याही वर आहेत, हसू नका.)

क्लाउडवाल्यांनी हायवेचं चौपदरीकरण पाहिलंय का? जेसीबीने फायबर तोडली की क्लाउड मुंबईत आणि खातेदार काउंटरवर. एका पावसाळ्यात आमची चार वेळा तुटली.

हापूसबागाईत
फायबर तुटली की चिपळूणचा नोडही एकटाच पडतो ना? तीनातला एक, कोरम (बहुमत) गेला, लिहिणं बंद. मग तो तिथे ठेवून मिळवलंत काय?

तिसरा नोड
रत्नागिरीत दोन उरतात, काम चालू राहतं. हे मिळवलं. आणि रत्नागिरीच्या इमारतीला काही झालं तर डेटाची प्रत ८०-९० किलोमीटरवर जिवंत आहे, हेही मिळवलं. तुम्ही निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मुरुडकडे होतात का? ३ जून २०२० नंतर तिकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एकाच ठिकाणी सगळं ठेवा म्हणणं सोपं आहे.

कुडाळचो झील
म्हणान तर सांगतंय, कुडाळ!

पहारेकरी
विषय फायरवॉलचा होता. तीन प्रतिसादांत तुम्ही पूर, जेसीबी आणि चक्रीवादळावर पोचलात. नोड पडणारच आहे हे एवढं ठाऊक होतं, तर तो परत कसा उठेल याची रंगीत तालीम का नाही केलीत? नियम लावल्यावर एक नोड मुद्दाम रिकामा करून जोडून बघायला अर्धा तास लागतो. मे महिन्यातच कळलं असतं.

तिसरा नोड
नियम लावलेत हे सांगितलं असतं तर केली असती! पुन्हा तेच. मुंबईत एसीत बसून तालमी सुचवायला काय जातंय?

पहारेकरी
मी देवरुखचा आहे, तिथूनच काम करतो, आणि एसी नाही. तोंड सांभाळून.

तिसरा नोड
एसी मागे घेतो. बाकी काही नाही.

पोफळी
अहो, दोघेही एकच सांगताय. त्यांना यादी हवी, तुम्हाला निरोप हवा. एका कागदावर दोन्ही मावतं.

पहारेकरी
ताई, कागद त्यांनी आधी द्यायचा असतो. असो. क्लस्टरच्या आतल्या जाळ्यात ड्रॉपऐवजी रिजेक्ट आणि लॉग, हे मला मान्य. बाहेरच्या तोंडाला ड्रॉपच राहील, तिथे बोलूच नका. आणि यांचा नोड दीड महिना बिनबोभाट होता, कारण ४४४४ एरवी लागतच नाही, पूर्ण नक्कल मागितली की कळतं. एवढं त्यांच्या बाजूने. बंद करून बघणाऱ्यांना नारळाऐवजी आता लेखी समज देतो.

जाता जाता: डब्ल्यूएसरेप एसएसटी रिसीव्ह ॲड्रेस या गॅलेराच्या सेटिंगमध्ये दुसरा पोर्ट देता येतो. ४४४४ सोडा. पुढच्या वर्षीचा तपासणीवालाही तो बघून दचकणारच आहे.

तिसरा नोड
बदलतो. यादीही उद्या देतो, सही-शिक्क्यानिशी, पोच घेऊन. पोच हरवली म्हणालात तर फोटो काढून ठेवीन.

हापूसबागाईत
जीकॅशही वाढवा हो. १२८ एमबीवर पावसाळा काढताय?

तिसरा नोड
२ जीबी केलाय. ते आधीच करायला हवं होतं, हे कबूल. पहारेकरींना सांगू नका.

कुडाळचो झील
आणि नोड?

तिसरा नोड
चिपळूणातच.