हॉर्निमन सर्कलच्या बागेचं कुंपण काढावं का?

कमानीखालचा

मुंबईच्या फोर्ट भागात नोकरीला लागून मला बावीस वर्षं झाली. संध्याकाळी ऑफिस सुटलं की हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून चालत स्टेशन गाठायचं, हा तेव्हापासूनचा शिरस्ता. कमानींच्या पलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे गोल बाग. आत गर्द सावली, बाकडी, जरा टेकावं असं सगळं. पण कधी काम लांबलं आणि निघायला उशीर झाला, की फाटकाला कुलूप. माझं स्पष्ट मत आहे की हे लोखंडी कुंपण काढून टाकावं.

ही जागा मुळात मोकळीच होती. किल्ल्याचे तट उभे होते तेव्हाचं हे 'बॉम्बे ग्रीन'. कापसाच्या हंगामात इथे गाठींचे डोंगर रचले जात. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला गेला आणि हे पटांगण ओस पडलं. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी इथे गोलाकार चौक करायची कल्पना काढली. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि पुढे बार्टल फ्रिअर यांनी ती उचलून धरली. पालिकेनं जागा घेतली, प्लॉट पाडले आणि व्यापारी पेढ्यांना नफ्यात विकले. मधली बाग १८७२ मध्ये पुरी झाली. म्हणजे सगळ्यांच्या पटांगणाचा कडेचा भाग विकला गेला आणि उरलेल्या तुकड्याला गज लागले.

आज त्याच कमानींखाली २०११ मध्ये आलेलं एका फ्रेंच कंपनीचं महागडं दुकान आहे आणि २०१२ मध्ये उघडलेलं एका अमेरिकी कॉफी साखळीचं देशातलं पहिलं दुकान आहे. त्यांना माझा विरोध नाही. पण या वर्तुळात पैसे न मोजता बसायला बाग सोडून जागा उरली आहे कुठे?

तटबंदी

इतिहास सांगताय तर पुरता सांगा. कापूस गेल्यावर ते पटांगण म्हणजे धूळ आणि कचरा होता. फोर्जेटची योजना आली नसती तर मोकळी जागा राहिली असती असं आपल्याला वाटतं का? काळ कोणता होता बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आलेला, तट पाडले जात होते आणि जमिनीचे भाव गगनाला भिडले होते. अशा दिवसांत भरवस्तीतला एवढा मोठा गोल न विकता झाडांसाठी ठेवला, हे या शहरात किती वेळा घडलंय?

आणि तो टिकला तो कुंपणामुळे. बागेभोवतीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. जिथे गज नाहीत तिथे गाड्या उभ्या आहेत. कुंपण काढल्यावर पहिल्या आठवड्यात स्कूटर आत येतील, महिन्याभरात टपऱ्या, आणि वर्षभरात 'अर्धा भाग तरी वाहनतळाला द्या' अशी मागणी. हे मी चिडून लिहीत नाही. माझ्या लहानपणीचं आमच्या वस्तीतलं मैदान असंच गेलं. त्याला कुंपण नव्हतं.

पायरीवरची

मी बागेसमोरच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वाचायला येते, म्हणजे जुन्या टाऊन हॉलमध्ये. १८३३ मध्ये पुरी झालेली इमारत, समोर तीस पायऱ्या. त्यांना ना गज ना कुलूप. संध्याकाळी तिथे कॉलेजची मुलं, फोटो काढणारे, नुसते बसलेले, सगळे असतात आणि पायऱ्या आहेत तशा आहेत. त्यामुळे 'मोकळं सोडलं की नासतं' हे मला पटत नाही.

पण कमानीखालचा, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. पायऱ्यांवर मी एकटी निर्धास्त बसते, कारण रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी दिसते. बागेत झाडी दाट आहे. अंधार पडल्यावर कुंपण असो वा नसो, आतल्या बाकावर मी बसणार नाही. मला आधी दिवे हवेत आणि जागता रखवालदार हवा.

वडाखाली

एक गोष्ट कोणीच काढली नाही. १८५० च्या दशकात शेअर दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. त्यातूनच १८७५ मध्ये दलालांची संस्था उभी राहिली, म्हणजे आजचं मुंबई शेअर बाजार. फुकटची सावली होती आणि 'इथे का बसलात' असं विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून हे झालं. गज आणि शिपाई असते तर तासाभरात हुसकावलं असतं. शहराला अशा बिनकामाच्या जागा लागतातच.

तटबंदी

@वडाखाली, उदाहरण सुंदर आहे, पण ते बागेविरुद्ध लागू होत नाही. दलाल वडाखाली बसत तेव्हा ही बाग नव्हतीच. बाग पुरी होईपर्यंत त्यांचा घोळका मेडोज स्ट्रीटच्या तोंडाशी सरकला होता आणि १८७४ मध्ये आज ज्याला दलाल स्ट्रीट म्हणतात तिथे त्यांनी जागा घेतली. गर्दी वाढेल तशी ती माणसं हलत गेली. त्यांना कुंपणानं हाकललं नाही.

परतलेला

मी काही वर्षं लंडनमध्ये ब्लूम्सबरीत राहिलो, म्हणून लिहितो. आपलं सर्कल ज्या घाटावर बेतलंय तो तिकडचा: मधे बाग, भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती. तिकडे कित्येक चौकांच्या किल्ल्या फक्त भोवतालच्या रहिवाशांकडे असत आणि काहींच्या आजही असतात. दुसऱ्या महायुद्धात भंगार लोखंडासाठी बऱ्याच बागांचे गज कापून नेले. एका रात्रीत बागा उघड्या पडल्या. तरी त्या बुडाल्या नाहीत, कारण १९३१ मध्येच कायदा झाला होता. त्या कायद्यानं लंडनच्या ४६१ चौकांवर बांधकाम करायला बंदी घातली. तो झाला, कारण १९२० च्या दशकात मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेवर सिगारेटचा कारखाना उभा राहिला आणि लोक हादरले. त्या बागेलाही गज होते. बाग विकली जाते ती कागदावर आणि वाचतेही कागदावरच.

टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत १९६८ पासून गांधीजींचा बसलेला पुतळा आहे. त्याच्यापाशी कोणी ना कोणी फुलं ठेवून गेलेलं असतं. ती बाग रहिवाशांपुरती राहिली असती तर ती फुलं कोण ठेवणार होतं?

तटबंदी

कागद आपल्याकडेही आहे. १९९५ ची वारसा नियमावली आहे. ती इमारत उठू देणार नाही, पण गाडी लावणाऱ्याला कशी अडवणार? ते काम गजच करतात. लंडनमध्येही नंतर कितीतरी चौकांना गज पुन्हा बसवले, हे आपण सांगितलं नाहीत.

पायरीवरची

मला या वादात एक नाव सारखं आठवतंय. पूर्वी हे एल्फिन्स्टन सर्कल होतं. स्वातंत्र्यानंतर बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक, इंग्रज माणूस, रौलट कायद्याविरुद्ध लिहिलं, सत्याग्रह सभेत गांधीजींबरोबर राहिले. एप्रिल १९१९ मध्ये सरकारनं त्यांना हद्दपार करून बोटीवर चढवलं. परत पाऊल ठेवता आलं ते १९२६ च्या जानेवारीत. या शहरात शिरायला ज्यांना जवळजवळ सात वर्षं मनाई होती त्यांच्या नावाच्या बागेबाहेर संध्याकाळी कुलूप बघून मला फार वाईट वाटतं. हा भावनेचा मुद्दा आहे, मान्य. पण नाव देतानाही भावनाच होती ना?

वडाखाली

शिवाय काळा घोडा महोत्सवाचे किंवा सूफी संगीताचे कार्यक्रम असले की हीच बाग अंधार पडल्यावरही जागी असते. झाडांखाली शेकडो माणसं बसतात आणि दुसऱ्या दिवशी बाग शाबूत असते. मग एरवी कसली भीती?

कमानीखालचा

वडाखाली यांनी माझंच पुढचं वाक्य लिहिलं, पण कार्यक्रमाच्या दिवशी दिवे आणि माणसं दोन्ही असतात हेही खरं. पायरीवरची यांचं वाचल्यावर मी माझी मागणी बदलतोय. उघडी बाग असली म्हणजे ती सगळ्यांची झाली असं मी धरून चाललो होतो. अंधारात अर्धी माणसं तिथे येणारच नसतील तर ती माझ्यासारख्यांचीच होईल.

तेव्हा गज राहू देत. फाटक रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, वाटांवर दिवे लावा आणि रखवालदाराची दुसरी पाळी सुरू करा.

तटबंदी

नऊ वाजेपर्यंत उघडी ठेवायला माझी हरकत नाही. पण यासाठी पालिकेला पत्र लिहिणार असाल तर पहिली ओळ बागेभोवतीच्या पार्किंगवर हवी. फाटकासमोर गाडी लावलेली असेल तर उघडं फाटक दिसणार कोणाला? मसुदा इथेच टाका, मी सही करतो.

पायरीवरची

मीही. दिव्यांचा मुद्दा दुसऱ्या ओळीत घ्या, शेवटी नको.