कॅब्रिओलेचा टप: घोडागाडीतून मोटारीत काय आलं? आणि जुनी गाडी घेताना पाणी कुठे शोधायचं?

चाकोरीबाहेर:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (१९८९ ते १९९७) घ्यायचा विचार आहे. टप हाताने पाडायचा, कापडी. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जाहिरातीत कुणी कॅब्रिओले लिहितं, कुणी रोडस्टर, कुणी कन्व्हर्टिबल. यांत फरक काय? आणि नाव घोडागाडीचं, तर त्या गाडीतलं नेमकं काय मोटारीत आलं? दुसरं, टप कुठेही फाटलेला नसताना सीटमागचा गालिचा ओला असलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात. हे पाणी येतं कुठून, आणि पैसे देण्याआधी काय तपासावं?

टपाची_गाडी:
पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, गंजाचं जाणकार सांगतीलच.

कॅब्रिओले ही अठराव्या शतकातली फ्रेंच गाडी. दोन चाकं, एक घोडा, दोघांची बैठक आणि मागे पडणारा चामडी टप. नाव फ्रेंचमधल्या उडी मारण्याच्या, बागडण्याच्या शब्दावरून आलं आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या बकऱ्यापाशी जातं. ते शोभतंही, कारण हलक्या दोनचाकीत घोड्याच्या दुडक्या चालीचा प्रत्येक हेलकावा दांड्यांमधून थेट बैठकीपर्यंत पोचतो. आपल्या टांग्यात बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तोलाचं गणितही टांग्याचंच: वजन आसाच्या किंचित पुढे हवं. मागे गेलं तर गाडी उलाळ होते, म्हणजे दांडे वर उचलले जातात, आणि पोटपट्टा घोड्याच्या पोटाला वर ओढतो. फार पुढे आलं तर सगळा भार पाठीवर. इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या कॅब्रिओलेत मागच्या फळीवर एक लहानसा पोरगा नोकर उभा राहायचा, त्याचं वजनही या तोलात धरावं लागे.

१८२३ मध्ये लंडनमध्ये अशा गाड्या भाड्याने धावू लागल्या आणि लांबलचक नावाचं 'कॅब' झालं. पुढे भाडं मोजणारा टॅक्सीमीटर आला, तेव्हा 'टॅक्सीकॅब'. आज पुण्यात फोनवर बोलावतो ती पक्क्या छपराची चार दारांची गाडीसुद्धा नावाने कॅब्रिओलेच आहे.

मोटारीत आलं ते टपाचं तंत्र. जुन्या बग्गीच्या टपाला बाहेरून एक वळणदार लोखंडी दांडा दिसतो, मधोमध बिजागरी असलेला. टप उभा करताना दांड्याचे दोन्ही तुकडे एका रेषेत येतात आणि बिजागरी त्या रेषेच्या जराशी पलीकडे सरकते. त्यानंतर चामड्याचा ताणच तिला आणखी पलीकडे रेटतो, म्हणून खीळ न घालता टप ताठ राहतो. पाडायचा तर बिजागरीला हाताने उलट धक्का द्यावा लागतो. तुमच्या एमएक्स-५ च्या पुढच्या काचेवरच्या दोन कड्या उघडून बघा: शेवटच्या इंचाला जोर लागतो आणि मग खट्कन बसतात. तत्त्व तेच. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टपही याच घराण्यातला; उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या गाड्या बंद करायला सांगितल्या.

नावांचं म्हणाल तर जुन्या अर्थाने रोडस्टरला वर-खाली होणाऱ्या काचाच नसत. पावसात बाजूंना पडदे अडकवायचे. कॅब्रिओलेला दारात काचा आणि आतून अस्तर लावलेला जाड टप. इंग्रज त्यालाच ड्रॉपहेड कूपे म्हणत, अमेरिकन कन्व्हर्टिबल. आता दोन सीटांची उघडी गाडी म्हणजे रोडस्टर एवढाच अर्थ उरलाय, त्यामुळे जाहिरातीतल्या शब्दावर भाव ठरवू नका.

सिल_आणि_सांधा:
वरच्या उत्तराला एक जोड हवी, कारण गंजाचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. घोडागाडीचा टप काढला तरी गाडीच्या बळात काही कमी होत नाही. भार खालचा सांगाडा घेतो. सुरुवातीच्या मोटारींनाही वेगळी चासी होती, म्हणून त्यांचंही तसंच. मोटारीचा पत्राच चासी झाला तेव्हा छप्पर भार वाहणारा भाग बनलं. झाकण नसलेला बुटाचा खोका दोन टोकांना धरून पिळून बघा, मग लक्षात येईल. म्हणून उघड्या गाडीत ते बळ दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये, आणि मजल्याच्या आडव्या जोडांत भरावं लागतं. फोक्सवॅगन बीटल मोटारीची कॅब्रिओले १९४९ पासून कारमान कारखान्यात बने, तिलाही सिलखाली जादा पोलाद घालावं लागलं होतं.

आता तुमचं पाणी. टपाच्या मागच्या कडेखाली प्लॅस्टिकची पन्हळ आहे. कापडावरून ओघळलेलं पाणी तिच्यात पडतं, दोन्ही कोपऱ्यांत सीटबेल्टच्या खांबामागे असलेल्या भोकांत जातं आणि नळीतून मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा चिखल ही भोकं बुजवतो. मग पन्हळ भरून वाहते, गालिचा भिजतो, आणि खरं वाईट म्हणजे पाणी सिलच्या पोकळीत उतरतं. सिल आतून कुजतं. बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

तपासणी अशी करा. टप अर्धा उचला, कोपऱ्यात हात घाला. बोटाला काळा गाळ लागला तर तिथेच समजा. अर्धा लिटर पाणी एका बाजूने हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. काही सेकंदांत त्याच बाजूने धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर नळी तुंबलीय किंवा निसटलीय. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग मागच्या चाकापुढचा सिलचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्याने जोरात दाबा आणि ठोकूनही बघा. पत्र्याचा आवाज ठणठणीत हवा. भद्द आवाज आला किंवा रंगाखाली जाड लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाणवली तर चुंबक लावून बघा. लांबीवर तो धरत नाही.

भाव करताना हेही ध्यानात ठेवा: इंग्लंडच्या वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्टच्या आधारापासून ३० सेंटीमीटरच्या आत कुजलेला पत्रा निघाला तर गाडी नापास. तो आधार इथेच आहे.

नळी साफ करायला कॉम्प्रेसरची हवा वरून मारू नका, नळी आतल्या आत सुटते आणि पाणी कायमचं सिलमध्ये जातं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करा, फिरवत फिरवत आत घाला आणि मग कोमट पाणी सोडा.

सिल बदलायची वेळ आलीच तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घ्यायला कारागिराला सांगा. आधाराशिवाय कापलं की गाडी मधोमध खचते. नवं सिल त्या खचलेल्या मापात बसतं आणि दार पुन्हा धड लागत नाही. घ्यायच्या गाडीत दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का, हे त्यासाठीच बघायचं.

कापडपारखी:
टपाबद्दल थोडं. या पिढीची मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची आहे आणि चेनने सुटी होते. टप पाडण्याआधी चेन उघडा, खिडकी सपाट पाडून तिच्यावर मऊ टॉवेल घाला, मगच टप मागे घ्या. चेन न उघडता पाडला की खिडकीला मधोमध घडी पडते. ती आधी पांढरी होते, मग तिथेच चिरते. थंडीच्या सकाळी प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा तर पाडूच नका. खिडकी गेलेली असली तरी गाडी नाकारू नका, दुसऱ्या पिढीचा काचेच्या खिडकीचा टप या गाडीवर बसतो.

कापड दोन प्रकारचं मिळतं. व्हिनाइल स्वस्त, पुसायला सोपं, पण घडीवर फुटतं. दुसरं बाजारात 'मोहेर' म्हणून विकतात. खरं मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. हे तर वर-खाली कृत्रिम धाग्याचं विणलेलं कापड आणि मध्ये रबराचा थर. पाणी तो थर अडवतो, म्हणून प्रेशरचा फवारा जवळून मारला की शिवणीतून तो उचकटतो. मऊ ब्रश, विणीच्या दिशेने, साधा साबण. ओला टप घडी घालून ठेवलात तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत.

चाकोरीबाहेर:
फार उपयोगी, मनापासून आभार. घरच्यांचं म्हणणं चार सीटांची, बटणाने टप पडणारी घ्यावी. तिथे जादा काय बघायचं?

सिल_आणि_सांधा:
पन्हळीचं पाणी तिथेही तसंच. जादा म्हणजे पंप आणि तेल. डिकीतला पंप दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांना तेल ढकलतो. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याची खूण सेन्सरने दिली तरच पुढचा सुरू होतो. त्यामुळे टप अर्ध्यात थांबला की लगेच पंपाला दोष देऊ नका. बऱ्याच गाड्यांत डिकीतला सामानाचा पडदा नीट अडकवलेला नसेल तर टप हलतच नाही, आणि बॅटरी कमजोर असेल तर मध्येच थांबतो. विक्रेत्यासमोर इंजिन चालू ठेवून टप लागोपाठ तीनदा उघड-बंद करायला लावा. एक बाजू मागे राहून टप तिरका चालत असेल तर त्या बाजूच्या सिलिंडरचं तेल अडवणारं रबरी सील गेलंय किंवा सांधा अडकतोय. मग डिकीचं अस्तर उचलून सिलिंडरच्या बुडाशी पांढरा कागद टेकवा. तेलाचा डाग उठला तर दोन्ही सिलिंडरांचा खर्च भावातून वजा करा, कारण दुसरं तितकंच जुनं असतं.